परसातल्या झाडावर घर बांधताना

झाडावरचं घर म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर आधी छप्पर, खिडकी आणि शिडी उभी राहते. माझ्या मते हे सगळं शेवटी ठरवायचं असतं. जमिनीवरच्या घराचा पाया एकदा घातला की तिथेच राहतो. झाड मात्र वाऱ्यात डोलतं, दर वर्षी जाड होत जातं, कधी आतून पोखरलंही जातं. त्याला हलायला आणि वाढायला जागा सोडली तर घर वर्षानुवर्षं टिकतं. नाही सोडली तर एक तर लाकूड चिरतं, नाही तर झाड खचतं. पुढची जवळपास प्रत्येक सूचना याच एका गोष्टीतून आली आहे.

उदाहरणासाठी मुलांचं साधं घर धरू: एकाच खोडाभोवती 6 × 6 फुटांचं मचाण, जमिनीपासून 7 फुटांवर. पहिल्यांदा बांधणाऱ्यानं याहून मोठं किंवा उंच काही हाती घेऊ नये. उंची वाढली की मजा थोडी वाढते आणि पडण्याचा धोका पुष्कळ वाढतो.

आधी झाड पाहा

मचाण जिथे येणार त्या उंचीवर खोडाला टेप गुंडाळून घेर मोजा आणि त्याला 3.14 नं भागा. घेर 44 इंच भरला तर व्यास 14 इंच. कमीत कमी 12 इंच व्यास हवा असं सर्रास सांगितलं जातं, पण घराचा सगळा भार एकाच खोडावर येणार असेल तर मी 14 इंचांच्या खाली जाणार नाही. समोरासमोरून आत शिरणाऱ्या बोल्टांची टोकं एकमेकांना भिडू नयेत, हे त्याचं एक सरळ कारण.

चिवट, कणखर लाकडाची झाडं चांगली: चिंच, जांभूळ, आंबा, कडुनिंब, थंड प्रदेशात ओक, मेपल, बीच. शेवग्याचं लाकूड ठिसूळ, फांदी बघता बघता मोडते, म्हणून तो बाद. गुलमोहराच्या फांद्या वादळात सहज तुटतात आणि मुळं उथळ असतात, तोही नको. नारळ आणि इतर ताडवर्गीय झाडांना तर हातच लावू नका. त्यांच्या खोडात सालीखाली नवं लाकूड तयार करणारा थरच नसतो, त्यामुळे पाडलेलं भोक कधीही बुजत नाही.

जात चांगली असली तरी तेच झाड निरोगी असेल असं नाही. बुंध्यापासून सुरुवात करा. खोड जमिनीत शिरताना थोडं पसरत गेलेलं दिसायला हवं. बुंध्यावर किंवा मुळांवर फळीसारखी कडक बुरशी उगवली असेल तर आतलं लाकूड कुजतंय असं समजा. एका बाजूची माती उचललेली किंवा भेगाळलेली असेल तर झाड कलतंय. आंब्याच्या खोडावर भोकं आणि त्यांच्या खाली ओलसर भुसा दिसला तर आत भिरूड, म्हणजे खोड पोखरणारी अळी, आहे. वाळवीचे मातीचे पापुद्रे सालीवर असतील तर ते खरवडून खालचं लाकूड टणक आहे का ते बघा. मग लाकडी हातोडीनं खोड सगळीकडून ठोकत वर जा. भरीव खोडाचा आवाज बसका येतो, पोकळीवर तो बदलतो आणि कानाला लगेच कळतो.

दोन फांद्या जिथे फुटतात तो बेचका नीट पाहा. इंग्रजी यू अक्षरासारखा गोल बेचका मजबूत असतो. व्ही सारख्या चिंचोळ्या बेचक्यात दोन्हीकडची साल आत दाबली जाते, तिथे लाकडाला लाकूड जुळलेलंच नसतं. असा बेचका दिसायला आयताच आधार वाटतो, आणि वादळात फाटतो तोही तिथेच. शेंडा वाळलेला असेल, एका बाजूची पानं विरळ असतील, किंवा नुसतीच शंका येत असेल, तर वृक्षतज्ज्ञाला बोलावून दाखवा.

विजेच्या तारा जवळून जात असतील तर ते झाड सोडून द्या. बांधकामाचे स्थानिक नियम, हद्दीपासूनचं अंतर आणि झाडाला हात लावायची परवानगी हे लाकूड आणण्याआधी विचारून घ्या. मचाणावरून शेजाऱ्यांच्या घरात थेट नजर जात असेल तर त्यांच्याशी आधीच बोलून घेतलेलं बरं.

झाड बारीक निघालं तर खट्टू होऊ नका. झाडाशेजारी चार खांब रोवून त्यांच्यावर मचाण उभारा आणि खोड मधून नुसतं जाऊ द्या. मुलांना सावली, पानं आणि उंची तीच मिळते. खड्डे मात्र हातानं खणा. अन्न-पाणी शोषणारी बहुतेक मुळं वरच्या दीड-दोन फुटांतच असतात आणि फांद्यांच्या सावलीबाहेरही पसरलेली असतात. मनगटाएवढं मूळ लागलं तर ते तोडू नका, खड्डा सरकवा.

झाड वाढतं कसं आणि जखम कशी सोसतं

झाड वाढेल तसं घर वर वर जाईल, असा समज अजूनही भेटतो. तसं होत नाही. उंची फक्त शेंड्यांना वाढते. खोडात 5 फुटांवर मारलेला खिळा वीस वर्षांनीही 5 फुटांवरच असतो. वाढते ती जाडी. सालीच्या लगेच खाली जिवंत पेशींचा एक पातळ थर असतो, तो आतल्या बाजूला लाकूड आणि बाहेरच्या बाजूला साल बनवत राहतो. पानांनी तयार केलेलं अन्न सालीच्या आतल्या भागातूनच मुळांकडे जातं. म्हणून खोडाभोवती दोरी, तार किंवा लोखंडी पट्टा आवळणं सगळ्यात घातक. बोटात अंगठी रुतावी तसा तो सालीत रुततो आणि काही वर्षांत मुळांची उपासमार होते. "खिळा मारला नाही, फक्त बांधलं" हे ऐकायला दयाळू वाटतं, पण एका बोल्टापेक्षा हे आवळणं झाडाला कितीतरी महाग पडतं.

जखमेचं गणितही समजून घ्या. अमेरिकेच्या वनसेवेतले वृक्षरोगतज्ज्ञ अॅलेक्स शायगो यांनी हजारो खोडं चिरून दाखवून दिलं की आपल्या जखमा भरून येतात तशा झाडाच्या येत नाहीत. झाड दुखावलेल्या भागाभोवती भिंती उभ्या करून तो कोंडून टाकतं आणि त्यावर नवं लाकूड चढवतं. कोंडलेला भाग कायमचा निकामी. आता दोन गोष्टी करून पाहा: एका तुळईसाठी एकच जाड बोल्ट, किंवा तिच्यासाठी वीतभर जागेत बारा खिळे. पहिल्यात एक छोटी बंद कोठडी तयार होते. दुसऱ्यात बारा कोठड्या एकमेकींत मिसळून मोठा मृत पट्टा तयार होतो आणि सगळे खिळे नेमके त्याच कुजक्या भागात धरून राहतात. म्हणून बोल्ट थोडे आणि जाड वापरा, आणि एकाच बाजूच्या दोन बोल्टांमध्ये उभं अंतर किमान दीड फूट ठेवा.

वजनाचा हिशोब

मचाण 36 चौरस फुटांचं. घरांच्या गच्च्या-मचाणांसाठी दर चौरस मीटरला साधारण 200 किलो माणसांचा भार धरतात. 36 चौरस फूट म्हणजे सुमारे 3.3 चौरस मीटर, म्हणजे 660 किलो. तीन मुलांसाठी एवढं कशाला असं वाटेल, पण वाढदिवसाला सगळी टोळी एकदम वर चढते आणि उड्याही मारते. लाकडाचं स्वतःचं वजन साधारण 170 किलो, कठडा, अर्ध्या भिंती आणि छप्पर मिळून आणखी 100-130. सगळं मिळून जवळजवळ एक टन. हा आकडा डोक्यात असला की पातळ फळीवर किंवा चार खिळ्यांवर भागवायचा मोह होत नाही.

लाकूड आणि लोखंड

उघड्यावर टिकणारं लाकूड घ्या. साग उत्तम, पण पूर्ण घर सागाचं करायची गरज नाही. पाणी साचेल अशा जागी चांगलं लाकूड, बाकी ठिकाणी प्रक्रिया केलेलं साधं लाकूड चालतं. जुनं, हिरवट झाक असलेलं प्रक्रिया केलेलं लाकूड कुठून फुकट मिळत असेल तर नको म्हणा. पूर्वी त्या प्रक्रियेत आर्सेनिक असायचं आणि मुलांचे हात दिवसभर लाकडावरच असतात. गाठी, चिरा, पीळ असलेले तुकडे तुळयांना लावू नका.

लोखंडी सामान गरम जस्तात बुडवलेलं किंवा स्टेनलेस स्टीलचं हवं. काळे बारीक प्लास्टरबोर्डचे स्क्रू इथे बिलकुल नकोत, ते आडव्या भाराखाली काडकन मोडतात. खोडात जाणारे बोल्ट असे घ्या की ज्यांच्या आतल्या टोकाला लाकडात घुसणारे जाड आटे असतील आणि बाहेरच्या टोकाला नट बसेल. तुळयांसाठी 1 इंची, मचाणाच्या कोपऱ्यांना खालून आधार देणाऱ्या तिरक्या टेकूंसाठी पाऊण इंची. खोडात किमान 5-6 इंच शिरायला हवेत आणि नटाच्या बाहेर इंच-दीड इंच आटे मोकळे उरायला हवेत. झाड जाड होईल तेव्हा नट सैल करून तुळईला बाहेर सरकायला वाव द्यायचा, तो याच मोकळ्या आट्यांवर.

मोठ्या घरांसाठी मुद्दाम झाडघराकरता बनवलेले जाड कॉलरचे बोल्ट मिळतात. ओरेगॉनमधले मायकल गार्नियर यांनी त्यांचा पाया घातला, आणि आज गंभीरपणे झाडघरं बांधणारे बहुतेक सगळे हीच पद्धत वापरतात. आपल्या 6 फुटी मचाणाला ते लागत नाहीत.

बांधणीला सुरुवात

कोरडे दिवस निवडा. मदतीला एक माणूस हवाच. 4 फूट उंचीला 1 फूट पुढे अशी शिडी टेकवा, वर काम करणाऱ्यानं हार्नेस घालून तो वेगळ्या मजबूत फांदीला बांधावा. हत्यारं दोरीनं वर ओढून घ्या आणि काम चालू असताना खाली मुलं नकोत.

पहिलं काम म्हणजे खोडाच्या दोन्ही बाजूंना एकाच पातळीवर खुणा. खोड मधे असल्यामुळे लांब लेव्हल लावता येत नाही. इथे गवंड्याची पारदर्शक नळी कामाला येते. तिच्यात पाणी भरा, बुडबुडे झटकून काढा, एक टोक एका बाजूला आणि दुसरं दुसऱ्या बाजूला धरा. पाणी स्थिर झालं की दोन्हीकडची पातळी तंतोतंत एक असते. तिथे खडूनं खूण करा.

आता भोक. घाई करायची नाही अशी ही जागा. बोल्टाचा गुळगुळीत भाग जिथवर जाणार तिथवर त्याच्याच मापाचं, आणि पुढे आट्यांसाठी बारीक भोक पाडा: पाऊण इंची बोल्टाला मऊ लाकडात अर्धा इंच, कठीण लाकडात पाच अष्टमांश. ड्रिल चालू असताना बाहेर पडणाऱ्या लाकडाकडे लक्ष ठेवा. निरोगी खोडातून ओलसर, फिक्या रंगाच्या वळणदार चिंध्या येतात आणि त्यांना ताज्या लाकडाचा वास असतो. काळसर, भुसभुशीत भुगा आला, किंवा जोर लावलेला असताना गिरमिट एकदम सुळकन आत गेलं, तर थांबा. आत कूज किंवा पोकळी आहे. हे भोक सोडून द्या आणि झाडाचा पुन्हा विचार करा, बोल्ट आणखी लांब घेऊन वेळ मारून नेऊ नका. सगळं ठीक असेल तर आट्यांना साबण किंवा मेण चोळून लांब पान्यानं बोल्ट सावकाश फिरवा.

तुळया 2 इंच जाड, 8 इंच उंच, 6 फूट लांब. खोडाच्या दोन्ही बाजूंना एक एक. तुळई थेट सालीला चिकटवायची नाही: मधे जाड वॉशर भरून साधारण एक इंचाची फट ठेवा. फट नसेल तर तिथे पाणी साचतं, साल कुजते आणि खोड वाढताना तुळई बाहेर रेटली जाते. आत्ता तुळया नुसत्या एका बोल्टावर आहेत, त्यामुळे त्या झुलतील. तात्पुरते उभे टेकू देऊन समतल धरून ठेवा.

त्यांच्यावर आडवे वासे, 2 × 6 इंची, 16 इंचांच्या अंतरानं. सहा वासे लागतील. मधले दोन मात्र खोडाच्या दोन्ही अंगांना सरकवून 20 इंचांवर बसवा, म्हणजे 14 इंची खोडाभोवती 2 इंच मोकळी जागा राहते. बाहेरची चौकट जोडल्यावर दोन्ही कर्ण मोजा. ते सारखे भरले तर चौकट काटकोनात आहे. फरक असेल तर लांब कर्णाच्या कोपऱ्यावर हळूच ठोकून जुळवून घ्या, मगच स्क्रू आवळा.

टेकू म्हणजे या घराचा खरा आधार. चार कोपऱ्यांखालून खोडाकडे येणारे 4 × 4 इंची तिरके टेकू, 45 अंशांत. 45 अंशांत टेकूचं वरचं टोक खोडापासून जितकं बाहेर तितकंच खालचं टोक खाली असतं, त्यामुळे मोजमाप सोपं पडतं. या कोनात 100 किलो भाराला टेकूवर सुमारे 140 किलो दाब येतो. टेकू आडवा करत 30 अंशांवर आणला तर तोच दाब 200 किलो होतो आणि वरचे सांधे बाहेर ओढले जातात. म्हणून चुकायचंच असेल तर उभ्या बाजूला चुकावं. खालच्या टोकांचे चारही बोल्ट खोडाभोवती एका ओळीत घेऊ नका. समोरासमोरची एक जोडी दुसरीपेक्षा निदान वीतभर खाली घ्या, म्हणजे झाडाच्या जखमा एका पट्ट्यात जमत नाहीत. टेकू नीट बसावा म्हणून खोड तासून सपाट करणं टाळा. टेकूचं टोक कापा, झाड नको.

टेकू बसले की तात्पुरते आधार काढा आणि एका कोपऱ्यावर सगळं वजन टाकून बघा. करकर ऐकू आली तर सांधा शोधून आवळा. फळी टाकायच्या आधी हे करायचं.

फळ्या 1 इंच जाड, दोन फळ्यांमध्ये पाव इंच फट, पाणी निथळायला. खोडाभोवती 2 इंच मोकळं. ही फट कुरूप दिसते म्हणून कोणी ती बुजवायला जातं. तसं करू नका. खूप हलणारी फांदी मधून जात असेल तर 3 इंच ठेवा.

दोन झाडांमध्ये बांधायचं असेल तर

दोन झाडं वाऱ्यात वेगवेगळ्या तालात हलतात. तुळई दोन्हीकडे पक्की केली तर पहिल्या मोठ्या वादळात बोल्ट वाकतो नाही तर तुळई फाटते. एका झाडाला पक्की ठेवा, दुसरीकडे लांबट खाचेच्या लोखंडी कंसात नुसती टेकवा, म्हणजे ती पुढेमागे सरकेल. तुळई खाचेतून बाहेर पडू नये इतकी लांब हवी.

कठडा आणि शिडी

कठडा किमान 36 इंच उंच. गज उभे लावा. आडव्या पट्ट्यांवर मुलं पायऱ्यांसारखी चढतात. दोन गजांमधली फट 4 इंचांपेक्षा कमी हवी, नाहीतर लहान मुलाचं अंग निसटून डोकं अडकू शकतं. कोपऱ्याचे खांब खिळ्यांवर सोडू नका, प्रत्येकी दोन आरपार बोल्ट घाला.

शिडी वर मचाणाला पक्की करा, पण खाली जमिनीत रोवू नका. सपाट दगडावर नुसती टेकलेली राहू द्या, म्हणजे झाड डोललं की ती किंचित सरकेल. पायऱ्या 10 ते 12 इंचांवर. वरच्या टोकाला धरायला दांडा मचाणाच्या वर निदान दोन फूट यायला हवा, कारण शिडीवरून मचाणावर पाय टाकायचा क्षण सर्वांत धोक्याचा. फास पडेल अशा मोकळ्या दोऱ्या कठड्याला लटकवू नका.

खाली जमिनीवर 9 इंच जाडीचा लाकडाच्या चिपांचा थर पसरा. बुंध्याभोवतीची वीतभर जागा तेवढी उघडी ठेवा, ओल्या चिपा सालीला टेकल्या की ती कुजते.

भिंती, छप्पर

इथे फार बोलण्यासारखं नाही. जे कराल ते हलकं करा. उंच बंद भिंत वारा अडवते आणि तो सगळा जोर बोल्टांवर येतो, म्हणून अर्ध्या भिंती आणि वर मोकळं. छप्पर उतरतं असावं, खोडाभोवती सैल रबरी पट्टी. फांदी आड येत असेल तर छपराचा आकार बदलून पाहा. कापायचीच असेल तर फांदीच्या मुळाशी जो फुगीर कडा असतो त्याच्या बाहेरून कापा, खोडाला लागून नको. त्यावर रंग किंवा डांबर फासायची गरज नसते.

विजेची जोडणी नको, बॅटरीचा कंदील पुरतो. आभाळात कडकडाट सुरू झाला की कोणीही वर थांबायचं नाही, हा नियम मुलांना पहिल्या दिवशीच सांगा.

देखभाल

पावसाळ्याआधी एकदा, नंतर एकदा, आणि प्रत्येक मोठ्या वादळानंतर लगेच तपासणी. नट सैल झालेत का, टेकूच्या टोकांशी चिरा आहेत का, फळ्यांचे कोपरे मऊ पडलेत का ते टोकदार स्क्रूड्रायव्हरनं टोचून बघा. खोड आणि तुळईमधली फट अर्धा इंच उरली की नट सैल करा, वाशांचे स्क्रू मोकळे करून तुळया बाहेर सरकवा, पुन्हा आवळा. खोड आणि फळ्यांमधली फट कमी झाली की जिगसॉनं (बारीक पात्याच्या विजेच्या करवतीनं) फळ्यांची कड कापून ती वाढवा. पानं अवेळी पिवळी पडली किंवा बुंध्यावर नवी बुरशी उगवली तर कारण कळेपर्यंत शिडी काढून ठेवा.

मुलं मोठी झाली आणि घर उतरवायचं ठरलं तर लाकूड सगळं काढा, बोल्ट मात्र उपसू नका. झाडानं एव्हाना त्यांच्याभोवती भिंती बांधलेल्या असतात आणि उपसताना त्या पुन्हा फुटतात. बाहेरचं टोक सालीच्या पातळीला कापा. पुढची साल ते झाकून टाकेल. कोणत्या बाजूला किती फुटांवर बोल्ट आत आहेत हे घराच्या कागदपत्रांत लिहून ठेवा. कधीतरी ते झाड कापायची वेळ आलीच तर करवत चालवणाऱ्याला ही माहिती आधी मिळायला हवी, कारण लाकडात दडलेल्या लोखंडावर साखळी करवत आदळली तर ती उसळून माणसावर येऊ शकते.